वहिनीची कुरकुर

माझी वहिनी कुरकुरीवर पीएच.डी. करणार आहे, असं दादाने जेवताना सांगितलं तेव्हा आईचा घास हातातच राहिला. त्यासाठी विद्यापीठात कशाला जायला हवं, असं तिने अगदी निरागसपणे विचारलं. आमच्या घरात सासू, सून आणि नणंद अशा तिघी मिळून हा विषय वर्षानुवर्षं हाताळत होतो. अनुभवच बघायचा तर तिघींनाही घरबसल्या पदवी मिळायला हरकत नव्हती. नणंद म्हणजे मी.

वहिनी हसली नाही. तिला विनोद कळत नाही असं नाही, पण हसण्याआधी तो बरोबर आहे का, हे ती तपासून बघते. "ती कुरकुर नव्हे, आई," ती म्हणाली. "समजा, एक दार आहे."

वहिनीच्या या 'समजा'ने आमचं घर गांजलेलं होतं. कॉलेजात गणित शिकवून शिकवून तिची वाक्यंच त्या शब्दाने सुरू व्हायची. समजा, आज भाजी उरली. समजा, पाहुणे सातलाच आले. यावर आई म्हणायची, समजायचं कशाला, उरलीच आहे, आणि पाहुणे खाली गाडी लावतायत.

पण त्या दिवशी वहिनीने सगळं नीट समजावून सांगितलं. दार उघडताना बिजागरीत लोखंडावर लोखंड घासतं. ते सरळ घसरलं तर आवाज येत नाही. पण कधी कधी ते चिकटतं, मग सुटतं, पुन्हा चिकटतं, पुन्हा सुटतं. हे इतक्या भराभर होतं की आपल्याला ती एक लांबलचक कुरकुर वाटते. दार कधी गप्प राहील आणि कधी बोलेल हे समीकरणातून आधीच सांगता येईल का, हा तिचा प्रश्न. दादाने मान डोलावली. तो विमा कंपनीत होता, आणि काय होईल हे आधीच सांगता आलं तर किती बरं, असं त्याला धंद्यापायी नेहमीच वाटायचं.

वहिनी तेव्हा पंचेचाळिशीला टेकली होती. एम.एस्सी. झाल्या झाल्या लग्न, मग नोकरी, मग मुलगी, यात संशोधन राहून गेलं. राहून गेल्याचं तिने कधी बोलून दाखवलं नाही. फक्त पेपरात एखादा आलेख चुकीचा छापून आला की पेन घेऊन तो दुरुस्त करायची आणि पेपर पुन्हा घडी घालून ठेवायची. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली त्याच महिन्यात तिने विद्यापीठाची प्रवेश परीक्षा दिली आणि पहिली आली. घरात ते तिने सगळ्यांत शेवटी आईला सांगितलं. आईने ते बिल्डिंगमध्ये सगळ्यांत आधी सांगितलं.

खरी अडचण गाईडची होती. घासणाऱ्या आणि अडखळणाऱ्या वस्तूंचं गणित करणारा माणूस विद्यापीठात एकच होता, आणि तो वहिनीचाच जुना विद्यार्थी निघाला. बारीक चणीचा, चष्मा सतत वर सरकवणारा, आणि वहिनीपेक्षा खूपच लहान. आईने पहिल्याच भेटीत त्याला 'बाळसर' करून टाकलं, अर्थात त्याच्यामागे. वहिनी खोलीत आली की जुन्या सवयीने सर उभे राहायचे. गाईड उभे आहेत म्हटल्यावर वहिनीही बसायची नाही. दोन खुर्च्या रिकाम्या आणि ही दोघं उभ्या उभ्या समीकरणं बोलतायत, असं दृश्य त्या विभागात रोजचं झालं. तो तिला मॅडम म्हणायचा, ती त्याला सर म्हणायची. बाकीच्या संशोधक मुलामुलींना बरेच दिवस कळेना की इथे कोण कोणाला शिकवतंय.

सरांनी पहिलीच अट घातली की नुसती समीकरणं चालणार नाहीत, ती एखाद्या खऱ्या दाराशी ताडून बघावी लागतील. वहिनीने घरातलं कोठीच्या खोलीचं दार निवडलं, कारण त्याच्याइतकं मन लावून कुरकुरणारं दुसरं काही घरात नव्हतं. मी रेडिओवर ध्वनिमुद्रणाचं काम करते, त्यामुळे माझ्याकडचा एक चांगला मायक्रोफोन तिने मागून घेतला आणि बिजागरीजवळ चिकटपट्टीने लावला. त्या दिवसापासून कोठीचं दार प्रयोगशाळा झालं. त्याला हात लावायची कोणालाही परवानगी नव्हती. इस्त्रीचं टेबल आत होतं. दादा कितीतरी दिवस सुरकुतलेल्या शर्टात ऑफिसला गेला आणि कोणी विचारलं तर घरी संशोधन चालू आहे म्हणून सांगत राहिला.

पण दादा स्वभावाने मदत करणारा. एका रविवारी वहिनी विद्यापीठात गेली असताना त्याच्या मनात आलं की बायको उठता बसता त्या दाराच्या आवाजाबद्दल बोलते, आपण मात्र काहीच करत नाही. त्याने तेलाची कुपी काढली आणि कोठीच्या दाराला मनापासून तेल पाजलं. मग हात लागलाच आहे तर घरातल्या सगळ्याच दारांना पाजलं. संध्याकाळी वहिनी आली, मायक्रोफोन सुरू केला, दार उघडलं. दार लोण्यासारखं फिरलं. तिने पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. दादा मागे उभा राहून कौतुकाची वाट बघत होता.

वहिनीने मायक्रोफोन बंद केला. पुढचे कितीतरी दिवस ती बिजागरी रॉकेलने पुसत होती आणि दादा तिच्या शेजारी जमिनीवर बसून तिला फडकी देत होता. तरी दार पूर्वीसारखं बोलेना. शेवटी ती शेजारीपाजारी दारं मागत फिरली. तुमचं एखादं दार कुरकुरतं का, असं तिने समोरच्या काकूंना विचारलं, तर त्यांना ते लागलं. आमच्याकडे सगळं व्यवस्थित आहे, असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं आणि ते लावताना ते चांगलंच कुरकुरलं. वहिनी बंद दारापाशी कान देऊन जरा वेळ तशीच उभी राहिली. हे काकूंनी भोकातून बघितलं आणि दोन्ही घरांतलं बोलणं काही काळ थांबलं.

यथावकाश कोठीच्या दाराला कंठ फुटला आणि काम पुढे सरकलं. वहिनीने एक सिद्धान्त मांडला. घर्षण वेगावर अवलंबून असतं असं धरलं, तर एका ठरावीक वेगाखाली दार कुरकुरणारच आणि त्यावर गप्प राहणारच, हे तिने सिद्ध केलं. सिद्धता लांबलचक होती आणि देखणी होती. ती तपासायला सरांकडे दिली की पानं परत यायची तेव्हा समासात पेन्सिलीची पुसट प्रश्नचिन्हं असायची, इतकी पुसट की वहिनीला ते शिसाचे डाग वाटायचे. ती ते खोडरबराने स्वच्छ करून पानं फाईलला लावायची. असं वर्षभर चाललं. तिसरं प्रकरण झालं, चौथं झालं, वहिनीची चाल बदलली. ती आता जिन्यात कोणी विचारलं तर 'चाललंय' न म्हणता 'होत आलं' म्हणायला लागली.

एका सुट्टीच्या दुपारी सर आमच्या घरी आले. आधी कळवलं नव्हतं. पुढच्या खोलीत टोकाच्या खुर्चीवर बसले आणि आईने आणून दिलेलं पाणी एका दमात प्यायले. आईने आणखी आणलं, तेही प्यायले. मी तिथेच मायक्रोफोनची वायर गुंडाळत होते. काहीतरी बिनसलंय हे माझ्या लक्षात आलं, पण उठून जाण्याइतका शहाणपणा मला सुचला नाही.

"मॅडम, तिसऱ्या प्रकरणात आपण धरलंय की घर्षण फक्त वेगावर अवलंबून असतं," सर म्हणाले.

"हो. मग?"

"तसं नसतं."

वहिनीने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. हे त्यांच्या कधी लक्षात आलं, असं तिने विचारलं. सर जमिनीकडे बघत म्हणाले की शंका पहिल्यापासून होती, खात्री मागच्या वर्षी झाली. त्यांनी प्रश्नचिन्हं केली होती.

"ती प्रश्नचिन्हं होती?"

"हो."

"आणि तोंडाने का नाही सांगितलंत?"

"तुम्ही मला शिकवलंय. तुमचं चुकलं, हे मी कोणत्या तोंडाने सांगू?"

वहिनी उठून आत गेली. आता ती आतच राहणार असं मला वाटलं. पण ती प्रबंधाची फाईल आणि लाल पेन घेऊन बाहेर आली आणि दोन्ही सरांपुढे ठेवलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती त्यांना अरे-तुरे बोलली.

"वर्गात तुझं चुकलं की मी काय करायचे?"

"काट मारायचात."

"मार."

सरांनी पेन घेतलं. पहिली रेघ इतकी हलकी होती की वहिनीने ती परत मारायला लावली. मग ते एकेक पान उलटत गेले. हेही का, असं तिने विचारलं की ते मान हलवायचे. चौथ्या प्रकरणाशी ते थांबले. "हे तर पूर्णच जातं, मॅडम," ते म्हणाले आणि त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला तरी त्यांना तो वर सरकवायचं सुचेना. आई चहा घेऊन आली, लाल झालेली पानं बघून दारातच थबकली आणि काय झालं म्हणून विचारलं.

"काही नाही, आई," वहिनी म्हणाली. "माझा पेपर तपासला."

सर गेले. त्यानंतर घरात शांतता पसरली, आणि ती चांगली नव्हती. वहिनी कॉलेजला जायची, यायची, फाईल उघडायची नाही. तिने सगळी कपाटं आवरली. डबे उंचीप्रमाणे लावले, मग झाकणांच्या घेराप्रमाणे लावले. 'समजा' म्हणणं बंद झालं. भाजी उरली की उरली एवढंच म्हणायची. दादा घाबरला. भांडली असती तर मला काय करायचं ते ठाऊक आहे, ही अशी गप्प बसली की सुचत नाही, असं तो मला जिन्यात गाठून म्हणाला. आईनेसुद्धा मुद्दाम मीठ जास्त घालून बघितलं. वहिनीने पाणी पीत पीत सगळं निमूट खाल्लं. तेव्हा मात्र आईने मला बोलावून, प्रकरण गंभीर आहे, असं सांगितलं.

सुट्टीत मुलगी आली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि वहिनीला विचारलं की आता हे सोडायचं का. तिने ते समजूत घालायला नव्हे, खरोखरच माहिती म्हणून विचारलं होतं, आणि वहिनीला हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीने कोठीतून तिची बॅग काढायला दार उघडलं. त्याला कोणी बरेच दिवस हात लावला नव्हता. दार असं काही किंचाळलं की बाथरूममधून दादाने कोण पडलं म्हणून विचारलं. मुलगी बॅग घेऊन बाहेर आली आणि दार लोटलं. मग काहीतरी राहिलं म्हणून पुन्हा उघडलं. या वेळी जेमतेम आवाज आला.

वहिनी हातातला डबा तसाच धरून उभी होती. तिने मुलीला बाजूला केलं आणि स्वतः दार उघडलं, लावलं, उघडलं. मग लावून टाकलं आणि त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसली. रोज पहिलं ध्वनिमुद्रण ती टाकून द्यायची, कारण ते बाकीच्यांशी कधीच जुळायचं नाही. पहिल्या वेळी दार बिथरतं, असं ती आम्हाला सांगायची आणि ते पुसून टाकायची. तेच पहिलं बिथरणं खरं होतं. वेग तोच असला तरी दार किती वेळ गप्प बसलं होतं त्यावर सगळं ठरत होतं. जितका जास्त वेळ लोखंड लोखंडाला टेकून राहील तितकं ते एकमेकांत घट्ट बसत जातं, आणि मग सुटताना तितकंच ओरडतं.

"समजा," वहिनी दाराकडे बघत म्हणाली, आणि स्वयंपाकघरात आईने हातातला झारा खाली ठेवला.

सरांना तिने फोनवरच सांगितलं. सर म्हणाले की भूकंपाचा अभ्यास करणारे लोक खडकांच्या बाबतीत असंच काहीतरी धरतात, त्यांचं वाचायला हवं. वहिनीने ते सगळं वाचून काढलं. आता तिच्याकडे एका समीकरणाऐवजी दोन होती. वेगाचं एक आणि दार किती मुरलंय त्याचं दुसरं. त्या दुसऱ्या राशीला ती सरळ 'मुरण' म्हणायची. प्रबंधात हा शब्द बरा दिसणार नाही, असं सरांना वाटत होतं. पण हे त्यांनी वर्षभर थांबून पेन्सिलीने नव्हे, त्याच दिवशी तोंडाने सांगितलं. त्यावरून दोघांची चांगली जुंपली. शब्द राहिला. खोलीतल्या खुर्च्यांवरही एव्हाना दोघं बसायला लागली होती, कारण उभ्याने भांडून पाय दुखतात.

दादाला पुन्हा कामाला घेतलं. दार नेहमी एकाच वेगाने उघडायला हवं होतं. दादाने खूप प्रयत्न केला, पण त्याचा हात प्रेमळ, दार तो एखाद्या झोपलेल्या माणसाला उठवावं तसं उघडायचा. शेवटी वहिनीने दोरी, कप्पी आणि वजन लावून त्याला त्या कामातून मोकळं केलं. त्याला वाईट वाटू नये म्हणून घड्याळ बघून 'सोड' म्हणायचं काम दिलं. ते तो फार गंभीरपणे करायचा. त्या काळात आमच्याकडे आलेले पाहुणे चहा पिता पिता दादाच्या 'सोड'ने दचकायचे.

गणित हाती लागायला मात्र वेळ गेला. प्रयोगात दिसतं ते समीकरणातून निघायलाच हवं असं नसतं, आणि निघालं तरी ते नेहमी निघेल हे सिद्ध करावं लागतं. वहिनी कॉलेजचे तास सांभाळून विद्यापीठातल्या त्या लांबट खोलीत बसायची. तिथे फळ्याच्या कोपऱ्यात कोणीतरी कधीकाळी 'पुसू नये' लिहून ठेवलं होतं आणि ते कोणाचं हे ठाऊक नसल्यामुळे सगळे उरलेल्या जागेत लिहायचे. बाकीची पोरं आपल्या अडचणी घेऊन तिच्याकडे यायची. आधी गणितातल्या, मग घरातल्याही. दुसऱ्या प्रकारच्या अडचणींना ती समीकरणाइतक्याच शांतपणे दोन बाजू काढून द्यायची, पण त्यांची उत्तरं मात्र तिला क्वचितच यायची. शेवटी तिला हवी होती ती अट सापडली. बिजागरीचा ताठपणा एका मर्यादेपेक्षा कमी असेल तर कुरकुर होणार, जास्त असेल तर नाही, आणि ती मर्यादा मुरणीवरून काढता येते. इतक्या वर्षांचा सगळा पसारा एका ओळीत मावला. दादाला ती ओळ दाखवली तेव्हा त्याने ती दोनदा वाचली आणि छान आहे, पण जरा लहान वाटते, असं म्हणाला.

प्रबंध लिहिताना वहिनीने एक हट्ट धरला. तिसरं प्रकरण, म्हणजे लाल रेघांचं, ती काढायला तयार होईना. 'जे चाललं नाही' अशा नावाने तिने ते थोडक्यात प्रबंधात ठेवलं. परीक्षक यावरून धरतील, असं सरांनी बजावलं, पण तिने ऐकलं नाही.

परीक्षक बाहेरगावच्या होत्या. पांढरे केस, आखूड वाक्यं. तोंडी परीक्षेला आम्ही सगळे मागच्या रांगेत बसलो. आई ठेवणीतली साडी नेसून आली होती आणि प्रत्येक आलेखाला मान हलवत होती. परीक्षकांनी बरेच प्रश्न विचारले. वहिनीने उत्तरं दिली, एकाचं येत नाही म्हणून सांगितलं. मग त्यांनी तिसरं प्रकरण उघडलं.

"यातलं गृहीतक चुकीचं आहे हे कोणी शोधलं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या गाईडने," वहिनी म्हणाली.

सर कोपऱ्यातून उठून उभे राहिले. "उशिरा," ते म्हणाले. "मी ते उशिरा सांगितलं. त्यांचं वर्ष त्यात गेलं."

परीक्षकांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग पान उलटत त्या म्हणाल्या की हे प्रकरण ठेवलं ते बरं केलं, बाकी लोक ते लपवतात आणि मग पुढचा माणूस त्याच खड्ड्यात पडतो. सर बसले. वहिनीचे डोळे भरून आले की काय हे मला मागून नीट दिसलं नाही, पण ती पुढचं उत्तर द्यायच्या आधी पाणी प्यायली. आईने मला कोपराने ढोसून विचारलं, की बाळसर नापास झाले का.

वहिनीला पदवी मिळाली, पगारात थोडा फरक पडला, आणि प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन उभा राहिला. एवढ्यावर संपलं असतं तरी कोणाची तक्रार नव्हती. पण तिचा लेख छापून आला आणि बऱ्याच काळाने एका इंजिनिअर बाईंचा फोन आला. त्यांची कंपनी खुब्याचे कृत्रिम सांधे बनवते. सिरॅमिकचा गोळा सिरॅमिकच्या वाटीत फिरतो. सांधा वर्षानुवर्षं टिकतो, पण काही माणसांत तो चालताना आवाज करायला लागतो. वहिनीची अट त्यांना लावून बघायची होती.

वहिनी त्यांच्या कारखान्यात जाऊन आली. त्यांनी तिच्या तळहातावर एक सांधा ठेवला. पेढ्याएवढा असेल असं तिला वाटलं होतं, तो लिंबापेक्षा मोठा होता, गार आणि जड. तिथे तिला एक बाई भेटल्या. शाळेत संगीत शिकवणाऱ्या. त्यांना असाच सांधा बसवल्यापासून दुखणं थांबलं होतं, पण बसून उठलं की पहिली काही पावलं कुरकुरायची. पोरं हसायची म्हणून त्यांनी वर्गात उभ्यानेच शिकवायला सुरुवात केली होती. मला आवाज चांगला कळतो हो, तोच त्रास आहे, असं त्या वहिनीला म्हणाल्या.

हे सगळं वहिनी जेवायला बसल्यावर सांगत होती. बसून उठल्यावरची पहिली पावलं, ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. पण तिथे लोखंड नाही, आत ओल असते, वजन दर पावलाला बदलतं, म्हणजे आपली अट तशीच्या तशी लागू होणार नाही. आईने विचारलं, त्या बाई गातात कशा. चांगल्या गातात, वहिनी म्हणाली, आणि मग तिच्या मनात काहीतरी आलं असावं, कारण ती अर्ध्या जेवणावरून उठली आणि हात धुऊन आतल्या टेबलाशी जाऊन बसली.

दादाने तिचं ताट झाकून ठेवलं आणि आम्हाला हळू बोला म्हणून खूण केली.